सल्ला फुकट नसतो
(गणेशोत्सवानिमित्त मुन्शी घाट येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर कीर्तन होते, भजन होते, मुलांच्या स्पर्धा होतात. यंदा समितीने मला "पैशाविषयी काहीतरी उपयोगाचे बोला" असे सांगितले. मी अर्थतज्ज्ञ नाही. पदविका घेऊन रेल्वेत लागलेला साधा इंजिनिअर आहे. पण आमच्याकडे दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला निवृत्तांचा निरोप समारंभ असतो. हार, शाल, चार शब्द, चहा-समोसा. त्यानंतरच्या पंधरवड्यात त्या माणसाच्या घरी कोण कोण मिठाई घेऊन येते, हे मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. ग्रॅच्युइटी, फंड, रजेचा पगार अशी आयुष्यात कधी न पाहिलेली रक्कम खात्यात जमा झालेली असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादाच १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख झाली आहे. ही रक्कम कुठे ठेवायची हे सांगायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "साहेब, माझ्या सल्ल्याचे तुम्हाला काही द्यायचे नाही."

आजचा माझा विषय एवढाच. जो आपल्याला पैसे कुठे ठेवायचे ते सांगतो, त्याचे पैसे कोण देतो, किती देतो आणि कधी देतो?

आपण ज्या घाटाच्या नावाने ही जागा ओळखतो, त्या मुन्शी घाटाचे नाव या विषयाला अगदी शोभणारे आहे. नागपूर संस्थानाचे अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्यावरून हे नाव पडले. पुढे इथली वास्तू दरभंग्याच्या महाराजांकडे गेली आणि शेजारच्या घाटाला दरभंगा हे नाव मिळाले. भाद्रपदात गंगामाई वर चढलेली असते, पायऱ्या पाण्याखाली जातात, पण नाव काही बुडत नाही. मुन्शी म्हणजे लिहिणारा, हिशेब ठेवणारा. मुन्शीचा पगार त्याचा धनी देतो, म्हणून मुन्शी धन्याचा हिशेब पाहतो. यात कोणाला काही विचारावे लागत नाही. आपल्या घरी येणाऱ्या सल्लागाराचा धनी कोण, हे मात्र विचारावेच लागते.

काशीत राहणाऱ्याला हा फरक समजावून सांगायची खरे तर गरज नाही. आपल्याकडे तीर्थोपाध्याय असतात. यजमान त्यांच्यासमोर बसतो, संकल्प सोडतो आणि दक्षिणा देतो. दक्षिणा कमी-जास्त होते, घासाघीसही होते, पण कोणी कोणाला किती दिले ते दोघांनाही ठाऊक असते. दुसरीकडे दशाश्वमेधावर उतरलेल्या यात्रेकरूला एखादा भला माणूस भेटतो. तो म्हणतो, "बाबूजी, देखने का पैसा नहीं लगता," आणि गल्लीबोळांतून साडीच्या दुकानात नेतो. यात्रेकरूला वाटते, किती चांगला माणूस, एक रुपया घेतला नाही! साडीच्या किमतीत त्या भल्या माणसाचा वाटा धरलेला असतो, हे यात्रेकरूला आपल्या गावी परत गेल्यावरही कळत नाही. पहिली ती दक्षिणा, दुसरी ती दलाली. आर्थिक सल्ल्याचे जगही या दोन शब्दांत मावते.

दलालीला या व्यवसायात कमिशन म्हणतात. आता त्याचे आकडे पाहू.

म्युच्युअल फंडात पूर्वी 'एंट्री लोड' असे. इक्विटी फंडात तुम्ही १ लाख रुपये भरले, की साधारणपणे सव्वादोन टक्के, म्हणजे २,२५० रुपये, आधीच कापले जात आणि प्रत्यक्ष गुंतवणूक ९७,७५० रुपयांची होई. कापलेली रक्कम मुख्यतः विकणाऱ्याच्या वाटणीला जाई. सी. बी. भावे हे आपले मराठी गृहस्थ, मूळचे इंजिनिअर आणि पुढे आयएएस, त्या वेळी सेबीचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत १ ऑगस्ट २००९ पासून हा एंट्री लोड बंद झाला. सल्ल्याचे पैसे द्यायचे असतील तर ते गुंतवणूकदाराने स्वतः वेगळे द्यावेत, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे दलाली काढून दक्षिणा आणण्याचाच तो प्रयत्न.

मग काय झाले? पाणी उताराकडे वाहते. फंडात मिळकत कमी झाली, तेव्हा बरेच विक्रेते 'युलिप' विकू लागले, कारण त्या विमा योजनांत पहिल्या वर्षाचे कमिशन भरपूर होते. त्यावरून २०१० मध्ये सेबी आणि विमा नियामक यांच्यात जाहीर वाद झाला, सरकारला वटहुकूम काढावा लागला, आणि १ सप्टेंबर २०१० पासून युलिपच्या खर्चावरही मर्यादा आल्या. मग पाणी पुन्हा वळले आणि पारंपरिक विमा पॉलिसींचा जोर वाढला. ग्राहक तोच, त्याची गरज तीच. त्याला मिळणारा सल्ला मात्र प्रत्येक वेळी बदलला.

याचे आणखी एक उदाहरण आपल्या पोस्ट ऑफिसात आहे. पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना या दोन्हींवरचे एजंटांचे कमिशन १ डिसेंबर २०११ पासून बंद करण्यात आले. निवृत्त माणसासाठी ज्येष्ठ नागरिक योजना ही सरकारी हमीची, दर तिमाहीला व्याज देणारी योजना आहे आणि २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख रुपये आहे. आता आठवून पाहा. निवृत्तीनंतर आपल्या घरी येऊन कोणी आपणहून या योजनेचे नाव घेतले होते का? ज्या वस्तूवर दलाली नाही, तिची शिफारस करायला कोणी दारात येत नाही.

विम्याची गणितेही समजून घ्या. २०२३ पर्यंतच्या नियमांप्रमाणे १२ किंवा अधिक वर्षे हप्ते भरायच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन देता येत असे. बचतीची पॉलिसी एकाच हप्त्याची असेल तर फक्त २ टक्के. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक प्रकारासाठी वेगळी मर्यादा राहिली नाही. कंपनीने आपल्या एकूण खर्चाच्या मर्यादेत कमिशन ठरवायचे, असा नियम झाला.

या टक्क्यांमुळे माणसाच्या घरात काय होते ते सांगतो. आमचे एक सहकारी २०१८ मध्ये निवृत्त झाले. नाव सांगत नाही. आयुष्यभर हातोडा आणि पाना धरलेला माणूस, मुलीचे लग्न व्हायचे होते. ज्या बँकेत त्यांचे पगाराचे खाते, तिथल्या ओळखीच्या अधिकाऱ्याने २ लाख रुपये "एफडीसारख्याच, पण जास्त फायद्याच्या" योजनेत ठेवायला सांगितले. यांनी विश्वासाने सह्या केल्या. वर्षाने पत्र आले की दुसरा हप्ता २ लाख रुपये भरा. ते पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. कागद वाचले तेव्हा कळले, की ती मुलाच्या नावे काढलेली विमा पॉलिसी होती आणि १२ वर्षे दरवर्षी २ लाख भरायचे होते. पेन्शनमधून कसे भरणार? त्या वेळच्या नियमाप्रमाणे अशा पॉलिसीत तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय काहीच परत मिळत नसे. पॉलिसी परत करायची १५ दिवसांची मुदत कधीच उलटली होती. २ लाख गेले.

आता त्यात दलालीचे गणित घाला. त्या २ लाखांची साधी एफडी केली असती तर कमिशन काहीच नव्हते. एक हप्त्याच्या पॉलिसीवर २ टक्क्यांप्रमाणे ४,००० रुपये मिळाले असते. १२ वर्षांच्या पॉलिसीवर नियमाने ७०,००० रुपयांपर्यंत देता येत होते. तो अधिकारी वाईट माणूस होता असे मी म्हणत नाही. त्यालाही वरून टार्गेट असणार. पण ४,००० आणि ७०,००० यांत जो उतार आहे, त्यावर चांगला माणूसही घसरतो.

आज परिस्थिती थोडी बरी आहे. २०२४ पासून पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांमुळे एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तरी पॉलिसी सोडताना काही रक्कम मिळू शकते. तरीही ३० दिवसांत कागद उघडून वाचायचे काम आपलेच आहे. आणखी एक. "पहिल्या हप्त्यातले काही मी माझ्या खिशातून देतो" असे कोणी म्हटले तर खूश होऊ नका. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. आणि तो एवढे सोडायला तयार आहे, म्हणजे त्याला मिळणारे किती असेल याचा अंदाज करा.

कमिशनचा दुसरा प्रकार 'ट्रेल'चा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडात एकरकमी आगाऊ कमिशन देणे बंद केले. आता वितरकाला तुमची रक्कम फंडात असेपर्यंत दरवर्षी थोडा थोडा वाटा मिळतो. तो तुमच्या खिशातून वेगळा जात नाही, फंडाच्या खर्चातून रोज कापला जातो. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला 'डायरेक्ट' योजना ठेवावी लागते. तिच्यात हा वाटा नसतो, म्हणून तिचा खर्च कमी असतो. इक्विटी फंडात 'रेग्युलर' आणि 'डायरेक्ट' यांत बऱ्याचदा अर्धा ते एक टक्का फरक पडतो.

एक टक्का म्हणजे काय मोठे, असे वाटेल. इथे बसलेल्या रेल्वेवाल्यांना मी चढाची आठवण करून देतो. १०० मध्ये १ चढ नुसत्या डोळ्यांना सपाटच वाटतो. पण सपाटीवर चालत्या गाडीचा एक टन ओढायला दोन-तीन किलोचा जोर पुरतो, तिथे या चढावर आणखी १० किलो लागतात. लोको पायलटला विचारा, एक टक्का म्हणजे काय! भोर घाटात तर ३७ मध्ये १ चढ आहे, म्हणून तिथे गाडीला मागून इंजिने लावतात आणि त्यांना आपण 'बँकर' म्हणतो. आपला बँकर गाडीला वर ढकलतो. पैशाच्या बाजारातला बँकर कोणत्या बाजूला ढकलतो ते ज्याचे त्याने पाहावे.

तोच चढ रुपयांत मांडू. १० लाख रुपये २० वर्षे ठेवले आणि वर्षाला १० टक्के वाढ धरली, तर सुमारे ६७ लाख २७ हजार होतात. त्याच रकमेवर खर्चामुळे ९ टक्केच मिळाले तर सुमारे ५६ लाख ४ हजार होतात. फरक ११ लाखांहून अधिक, म्हणजे मूळ मुद्दलापेक्षा जास्त. १० टक्के वाढ मिळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. खर्चाचा एक टक्का मात्र हमखास जातो. आपल्यापैकी १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांचा एनपीएसचा पैसा सांभाळण्याचे निधी व्यवस्थापकाचे शुल्क वर्षाला एक दशांश टक्क्याहूनही कमी आहे. तुलनेसाठी हा आकडा लक्षात ठेवा.

म्हणजे वितरक नकोतच का? तसे मुळीच नाही. केवायसी करून देणारा, वारस नेमला का हे विचारणारा, २०२० च्या मार्चमध्ये बाजार कोसळला तेव्हा "घाबरून विकू नका" असे सांगणारा, घरातला कर्ता गेल्यावर वहिनींचे कागद स्वतः नेऊन जमा करणारा वितरक आपली मिळकत कमावतो. १० लाखांवर पाऊण टक्का धरला तर वर्षाला ७,५०० रुपये, म्हणजे महिना ६२५ रुपये होतात. त्या मोबदल्यात तो काय करतो, एवढेच पाहायचे. हे रुपये शोधायची सोयही आहे. म्युच्युअल फंडांचा जो एकत्रित सहामाही खाते उतारा येतो, त्यात वितरकाला त्या काळात दिलेले कमिशन रुपयांत छापलेले असते. आज घरी गेल्यावर तो उतारा काढा आणि तेवढा एक आकडा वाचा.

आता दक्षिणेकडे वळू. २०१३ पासून सेबीकडे नोंदणी केलेले गुंतवणूक सल्लागार आहेत. ते ग्राहकाकडून शुल्क घेतात आणि ज्याला सल्ला देतात त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाहीत. लेखी करार करावा लागतो, शुल्क रोखीने घेता येत नाही. शुल्काच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत ठरावीक रक्कम, तिची मर्यादा एका कुटुंबाला वर्षाला १ लाख ५१ हजार रुपये. दुसरीत सल्ल्याखालील मालमत्तेवर टक्केवारी, तिची मर्यादा वर्षाला अडीच टक्के. या कमाल मर्यादा आहेत, दरपत्रक नव्हे. अडीच टक्के देणे म्हणजे आत्ताच्या हिशेबाने आपल्या गाडीला ४० मध्ये १ चढ लावणे.

दक्षिणेच्या पद्धतीलाही आपला कल असतो. टक्केवारीवाल्याला तुमची रक्कम त्याच्या हिशेबातून बाहेर जाऊ नये असे वाटणार. घराचे कर्ज फेडू का, असे विचारले तर त्याला ते अवघड जाणार, कारण फेडले की त्याचे शुल्क घटते. ठरावीक शुल्कवाल्याला तो मोह नाही, पण लहान रकमेला ते शुल्क जड पडते. समजा वर्षाला १५,००० रुपये ठरले. ५ लाखांवर ते ३ टक्के झाले, ५० लाखांवर ०.३ टक्के. म्हणून नुकत्याच लागलेल्या तरुणाला दरवर्षीचा सल्लागार परवडत नाही, निवृत्त होणाऱ्याला एकदा तासभर बसून आराखडा करून घेणे फार स्वस्त पडते. इंग्लंडने २०१२ च्या अखेरीस नव्या गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचे कमिशन बंद केले. दलाली गेली हे चांगले झाले, पण थोडी पुंजी असलेल्या अनेकांना सल्ल्याचे शुल्क परवडेना, हेही तिथे दिसले. आपल्याकडे तर नोंदणीकृत सल्लागार देशभरात हजाराच्या आसपास, आणि एकट्या एलआयसीचे एजंट १३ लाखांहून अधिक. तेव्हा आपल्या दारात दक्षिणावाला क्वचितच येणार, दलालीवाला रोज येणार. म्हणून विचारायची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.

विचारायचे ते असे:

१. तुमचा नोंदणी क्रमांक काय? 'एआरएन' असेल तर तो म्युच्युअल फंडाचा वितरक, म्हणजे कमिशनवाला. 'आयएनए'ने सुरू होत असेल तर तो सेबीचा नोंदणीकृत सल्लागार. काहीच नसेल तर चहा पाजून निरोप द्या.

२. मी हे घेतले तर तुम्हाला पहिल्या वर्षी किती रुपये मिळतील, आणि नंतर दरवर्षी किती? टक्के नकोत, रुपयांत सांगा.

३. हेच पैसे मी पोस्टात किंवा एफडीत ठेवले तर तुम्हाला किती मिळेल?

४. मला किती वर्षे पैसे भरायचे आहेत, आणि एका वर्षाने सोडले तर हातात किती येईल? हे लिहून द्या.

५. तुमच्या शुल्कात पुढे काय काय येते? वारसाचे काम, पत्ता बदलणे, वर्षातून एकदा बसून पाहणे?

हे विचारताना संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. आपल्या मराठी माणसाला समोरच्याची मिळकत विचारणे असभ्य वाटते. त्यात तो ओळखीचा, कधी नात्यातला, कधी याच मांडवात आरतीला शेजारी उभा असलेला असतो. पण डॉक्टरची फी आपण विचारतो, गुरुजींची दक्षिणा विचारतो. सरळ माणूस या प्रश्नांची सरळ उत्तरे देतो आणि त्याच्यावरचा आपला विश्वास वाढतो. जो रागावतो, त्याने उत्तर दिलेच आहे.

आणि फसवणूक झाली असे वाटले तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विम्यासाठी विमा लोकपाल आहे, आपल्या वाराणसीसाठी त्यांचे कार्यालय लखनौला आहे आणि तिथे फी लागत नाही. फंड आणि सल्लागारांविरुद्धच्या तक्रारींसाठी सेबीची 'स्कोअर्स' व्यवस्था आहे. अर्ज लिहायला अडचण आली तर आमच्यापैकी कोणालाही हाक मारा, आपण बसून लिहू.

शेवटी एकच विनंती. येत्या वर्षात आपल्यातले जे निवृत्त होणार आहेत, त्यांनी पैसे जमा झाल्यावर पहिले तीन महिने ते बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीच्या ठेवीत राहू द्यावेत आणि कोणत्याही कागदावर सही करू नये. तेवढ्या काळात व्याजाचे फार नुकसान होत नाही. मिठाई आली तर जरूर खा, प्रश्न विचारा, आणि घरच्या मंडळींना शेजारी बसवून उत्तरे ऐका. वहिनींनी तर नक्कीच ऐकावीत, कारण पुढे कित्येक घरांत तो हिशेब त्यांनाच सांभाळायचा असतो.



गणपती बाप्पा मोरया!